फिल्टर बदलल्यावर डिझेलमधली हवा काढताना

फिल्टर बदलल्यावर जुनी डिझेल गाडी सुरू होत नसेल, तर स्टार्टर मारत बसू नका. लाइनमध्ये हवा अडकलेली असते. मी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, जरासा सैल करतो, खाली फडकं धरतो आणि डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप दाबत राहतो. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. त्याखालचं वॉशर मी दर वेळी नवं घालतो, कारण जुन्या, चेपलेल्या वॉशरमधून हवा हमखास शिरते.

तरीही नुसती घरघरली, तर इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपांचे नट किंचित सैल करून थोडा स्टार्टर मारा. हात-तोंड लांब ठेवा. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं, तिथे मात्र हे कधीच करू नका. तिथला दाब १००० बारच्याही वर जातो, डिझेलची धार कातडी भेदून आत घुसते.