पेटी नसताना तबला लावायचा असेल तर

आमच्या भजनी मंडळाची पेटी (हार्मोनियम) पेटीवाल्याकडे, आणि तो राहतो बाजूच्या गावात. ऐन भजनाला तबला लावत (सुरात आणत) बसलं की अर्धा तास ठोकठोकीतच जाते. मोबाईलमधल्या टोन जनरेटर (हवा तो सूर वाजवणाऱ्या) ॲपनं हे काम घरीच होते.

१. एकदाच करायचं काम: पेटीवर तुमची पट्टी (ज्या सुरावर गाता तो ‘सा’), समजा काळी एक, दाबून ठेवा. ॲपमध्ये साइन वेव्ह निवडून २७७ हर्ट्झ लावा. दोन्ही आवाज मिळून ‘वँव-वँव’ अशी लहर ऐकू आली तर आकडा एकेकानं वरखाली करा. लहर मंदावत थांबली की तोच तुमच्या पेटीचा आकडा. पेटीच्या झाकणाआत खडूनं लिहून ठेवा. (आमची जुनी पेटी २८१ वर निघाली, म्हणून पुस्तकी आकड्यावर विसंबू नका.)

२. घरी तोच आकडा वाजवा, आवाज बारीक ठेवा. मोठा ठेवला तर तबल्याचा सूर कानात शिरतच नाही.

३. तबल्याचा सूर ॲपच्या सुराशी जुळवा. फरक जास्त असेल तर आधी गठ्ठे (चामडी दोऱ्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवा, थोडा असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या म्हणजे वरच्या चामड्याच्या कडेच्या वेणीवर) हातोडी. वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. एका घरानंतर (गजऱ्यावरची दोन दोऱ्यांमधली जागा) त्याच्या समोरचं घर घ्या.

डग्ग्यासाठी (डाव्या हाताचा मोठा) हा खटाटोप नको, मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरातून खर्ज (खालचा जाड सूर) निघत नाही.

पावसाळी रात्री मंदिरात पोचल्यावर पुडी पुन्हा उतरते, हातोडी सोबत असू द्या.