चिलखती वाहनातली बैठक : प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

2016 साली केपे तालुक्यात नाकेरीला डिफेन्स एक्स्पो भरला होता. रणगाड्याचं चिलखत आणि तोफ सगळे डोळे भरून बघतात, आत माणूस कसा बसतो हे फारसं कुणी विचारत नाही. चिलखती वाहनावर प्रोजेक्ट करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी ते आवर्जून विचारावं.

बहुतेक चुकांचं मूळ एकच. ड्रॉइंगमधला माणूस सड्या अंगाचा असतो. सैनिकाच्या अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात रायफल असते. म्हणून आधी प्लायवूडचं हॅच, म्हणजे वाहनात शिरायचं झाकणाचं तोंड, कापा आणि जाड जॅकेट, हेल्मेट घातलेल्या मित्राला त्यातून उतरवा. शर्टावर सहज आत जाणाऱ्याचे खांदे आता अडकतात, कोपरं कडेला घासतात, पाय खाली पायरी शोधत चाचपडतात. वाहन पेटलं तर याच वाटेने त्याला बाहेर पडायचंय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सीट थेट फ्लोअरला बोल्ट करणं. सत्तरीतल्या होंडा गावात बसच्या बॉडी बांधताना पाहिलेल्यांच्या हातून ती सहज होते, कारण बसमध्ये ते चालतं. पण खाली सुरुंग फुटला की तळाचा पत्रा क्षणार्धात वर उसळतो आणि तो दणका सीटमधून सरळ मणक्यात जातो. सीट बाजूच्या भिंतीला किंवा छताला टांगा, दणका शोषणारा जोड द्या आणि पट्टा चांगला आवळता येऊ द्या. पायही फ्लोअरवर नकोत, नाहीतर घोटे आणि नडगी मोडते. फूटरेस्ट सीटलाच जोडा.

पाठ दुखते म्हणून फोम वाढवू नका. उभ्या दिशेचे 4 ते 8 हर्ट्झचे हादरे शरीराला सगळ्यात जास्त जाचतात आणि मऊ फोम त्यातले काही उलट वाढवतो. तिथे सस्पेन्शनच हवं.

मळमळीची तक्रार आली तर बसण्याची दिशा तपासा. वाहनाच्या कडेकडे तोंड करून बसून, बाहेरचं काही न दिसता स्क्रीन बघत राहिलं की पोट ढवळतंच.

उकाड्याचा हिशेबही नीट करा. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. बीएमपी-2 या जवान नेणाऱ्या चिलखती वाहनात चालक दल आणि जवान मिळून दहा जण, म्हणजे नुसत्या माणसांचाच एक किलोवॅट. इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स आणि ऊन वेगळंच. राजस्थानच्या कोरड्या उन्हाचे आकडे धरून एसी निवडू नका. आपल्या मे महिन्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, जॅकेटखाली तर नाहीच. मॉकअपची, म्हणजे खऱ्या मापाच्या नमुन्याची, चाचणी मे महिन्यातच घ्या, हॅच बंद करून, बाहेर लक्ष ठेवणारा माणूस उभा करून, आणि मागच्या सीटपर्यंत गार हवा पोचते का ते तिथे स्वतः बसून पाहा.