एसटीओ फिल्ममध्ये फेरोइलेक्ट्रिसिटीमुळे टीसी वाढतोय का, ते तपासायचं कसं

एसटीओ म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटनेट, माझं सगळ्यात लाडकं मटेरियल. शुद्ध एसटीओ फेरोइलेक्ट्रिक (म्हणजे बाहेरून व्होल्टेज न लावताही आतले प्लस-मायनस चार्ज एका दिशेला सरकून राहिलेलं) व्हायच्या उंबरठ्यावर येऊन अडतं, कितीही थंड करा, क्वांटम फ्लक्चुएशन्स (अणूंची कधीच न थांबणारी थरथर) त्याला पलीकडे जाऊ देत नाहीत, आणि त्यातच थोडे इलेक्ट्रॉन घातले की ते सुपरकंडक्टर (वीज बिनरोध नेणारं) होतं, हे १९६४ पासून माहीत आहे. टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली ते सुपरकंडक्टर होतं तो आकडा, मात्र जेमतेम ०.३-०.४ केल्विन. मग एसटीओला उंबरठा ओलांडायला लावला तर टीसीचं काय होतं?

ओलांडायला लावायचे मार्ग बरेच आहेत, कॅल्शियम घाला, नाहीतर ऑक्सिजन-१८ घाला. ऑक्सिजन-१८ चं तर फार भारी आहे, जड आयसोटोपने टीसी खाली यायला हवा, इथे तो उलट वर जातो. पण फिल्मवाल्यांसाठी स्ट्रेन बरा, म्हणजे वेगळ्या मापाच्या क्रिस्टलवर (सबस्ट्रेटवर) पातळ थर वाढवून त्याला दाबायचं किंवा ताणायचं. एसटीओच्या लॅटिसचं (अणूंच्या जाळीचं) माप ३.९०५ अँगस्ट्रॉम, एलसॅट सबस्ट्रेटचं ३.८६८, म्हणजे फिल्म बाजूंनी साधारण १ टक्का दाबली जाते आणि पोलरायझेशन (चार्जचं ते सरकणं) उभ्या दिशेला धरतं. डोपिंगला, म्हणजे इलेक्ट्रॉन घालायला, लँथेनम किंवा समेरियम.

फिल्म बनली की आधी एक्सआरडीचा (एक्स-रे डिफ्रॅक्शनचा) रेसिप्रोकल स्पेस मॅप काढा, फिल्मचं लॅटिस सबस्ट्रेटला जुळून आहे का ते त्यात दिसतं, तो काढल्याशिवाय पुढे जाऊच नका. दीडशे-दोनशे नॅनोमीटरच्या पुढे फिल्म रिलॅक्स व्हायला लागते आणि मग तुम्ही ज्याला स्ट्रेन म्हणताय तो उरलेलाच नसतो.

आता फेरोइलेक्ट्रिसिटी दाखवायची कशी? नेहमीचा पी-ई लूप (व्होल्टेज लावून पोलरायझेशन मोजणं) इथे चालत नाही, कारण फिल्म कंडक्टिंग आहे, व्होल्टेज लावलं की करंटच वाहतो. त्यामुळे सिमेट्री (क्रिस्टलचा उलट-सुलट सारखेपणा) तुटली का ते बघायचं, म्हणजे सेकंड हार्मोनिक जनरेशन (लेझर टाकून दुप्पट फ्रीक्वेन्सीचा प्रकाश किती निघतो ते मोजणं), तापमान उतरवत उतरवत. सरफेसचा थोडा सिग्नल कायम असतोच, तो बॅकग्राउंड धरा आणि सिग्नल कुठून चढायला लागतो ते बघा. एलसॅटवरच्या कमी डोपिंगच्या फिल्म्समध्ये हे १०० केल्विनच्या बऱ्याच वर घडतं. रेझिस्टन्समध्येही वळण दिसतं, पण नुसत्या वळणावर विश्वास ठेवू नका, बल्क एसटीओत १०५ केल्विनला ऑक्टाहेड्रा (टायटॅनियमभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक) फिरण्याचं वेगळंच ट्रान्झिशन आहे, त्याचा पोलरायझेशनशी संबंध नाही आणि स्ट्रेनने तेही सरकतं. जमलं तर स्टेमखाली (अणूंच्या रांगा दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) टायटॅनियमचे कॉलम मधून किती सरकलेत तेही बघून घ्या.

मग हॉल मेझरमेंट, म्हणजे मॅग्नेटिक फील्ड लावून कॅरियर डेन्सिटी (घन सेंटीमीटरला मोकळे इलेक्ट्रॉन किती) काढणं. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. एसटीओचा टीसी कॅरियर डेन्सिटीवर डोमसारखा चढतो-उतरतो, शिखर घन सेंटीमीटरला १० च्या २० व्या घाताच्या आसपास, म्हणून स्ट्रेनवाल्या फिल्मचा टीसी जास्त आला एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, कदाचित तुम्ही डोमवर चांगल्या जागी बसला असाल. तेवढ्याच कॅरियर डेन्सिटीची बिनस्ट्रेनची फिल्म शेजारी ठेवून तुलना करा. ती एसटीओवरच वाढवणार असाल तर वाढवल्यानंतर ऑक्सिजनमध्ये अनील करा (तापवा), नाहीतर खालच्या सबस्ट्रेटमध्ये ऑक्सिजन व्हेकन्सी (ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा) राहतात आणि सबस्ट्रेटच करंट नेतो.

डायल्युशन फ्रिजमध्ये (मिलीकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्रात) टीसी मोजताना करंट अगदी कमी ठेवा, दुप्पट करून पुन्हा मोजा, टीसी हलला तर फिल्म गरम होतेय. फोर-प्रोबच वापरा, म्हणजे करंटच्या दोन तारा वेगळ्या आणि व्होल्टेजच्या दोन वेगळ्या. आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कॉन्टॅक्टसाठी जो टायटॅनियम घालतो तो स्वतःच ०.४ केल्विनच्या जवळ सुपरकंडक्टर होतो, ॲल्युमिनियमची बाँडिंग वायर १.२ ला, त्यामुळे टू-प्रोबमध्ये दिसलेला ड्रॉप फिल्मचाच असेल असं नाही.

एवढं सगळं सांभाळून मोजलेल्या एलसॅटवरच्या फिल्म्समध्ये टीसी ६०० मिलीकेल्विनच्या वर गेलेला आहे, म्हणजे बिनस्ट्रेनच्या फिल्मच्या जवळपास दुप्पट. का, यावर अजून वाद आहे, सॉफ्ट फोनॉन (उंबरठ्याजवळ मंदावणारं लॅटिसचं कंपन) इलेक्ट्रॉनची जोडी बांधतो का, की सिमेट्री तुटल्याने स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा त्याच्या गतीशी जोड) मध्ये येतं. म्हणून एकाच फिल्मवर थांबू नका, डोपिंग वाढवत न्या. इलेक्ट्रॉन जास्त झाले की ते डायपोल (सरकलेल्या चार्जच्या जोड्या) स्क्रीन करतात, म्हणजे झाकून टाकतात, पोलर डोमेन (एका दिशेला पोलराइझ झालेले भाग) विस्कटतात, आणि वाढलेला टीसीही त्यांच्याबरोबरच खाली येतो का, हे त्याच सिरीजमध्ये दाखवा.