पर्यावरणाच्या रिसर्चला पैसा कुठून आणायचा, नागपूरवाल्यांसाठी
आधी पैसा नाही, प्रश्न धरा भाऊ. नाग नदी घ्या किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख घ्या, यात केमिस्ट्रीवाला, सोशल वर्कवाला आणि हिशोब समजणारा कॉमर्सवाला असे तिघं लागतातच, आणि एकाच डिपार्टमेंटचं प्रपोजल टाकून खाली "इंटरडिसिप्लिनरी" लिहिलं तर तपासणाऱ्याला ते लगेच कळते.

मग दारं वेगवेगळी ठोठवा. सायन्सचा भाग एएनआरएफकडे (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, रिसर्चला पैसा देणारी केंद्राची संस्था, २०२३ च्या कायद्यानं आलेली; हेच काम करणारं आधीचं बोर्ड एसईआरबी त्यातच गेलं), लोकांच्या सर्वेचा भाग आयसीएसएसआरकडे (समाजशास्त्रांच्या रिसर्चला पैसा देणारी केंद्राची परिषद). पण एकच खर्च दोघांकडे दाखवू नका, ऑडिटला पकडल्या जाते.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामावर करायचा खर्च, तो विसरू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के द्यावेच लागतात अन् पर्यावरण त्या यादीत आहे. कंपनीला पेपर पब्लिश होण्यात काही इंटरेस्ट नसते, गावाला काय मिळणार ते पहिल्या पानावर सांगा. आणि जिच्या धुराचा अभ्यास करताय तिच्याकडूनच पैसा घ्यायचा का, हे टीमनं आधी बसून ठरवा, नंतर लय भांडणं होतात.

लोकसहभागाचं बजेट वेगळं काढा, "किरकोळ" मध्ये ढकलू नका: पाण्याचे नमुने आणणाऱ्या गावच्या पोरापोरींचं मानधन, गाडी, सभेचा चहा-नाश्ता, मराठीत छापलेला रिपोर्ट. ग्रामपंचायतीचं पत्र अर्जाआधीच घ्या. युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी (मिळालेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्चला याचा दाखला) बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लावा, मार्चमध्ये अकाउंट्सवाले तुम्हाला ओळखही देत नाहीत.