संगणक अभियांत्रिकी: पर्याय अर्जापासून पहिल्या पगारापर्यंत

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: "कॉम्प्युटर मिळतंय का?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून निकष पूर्ण करणाऱ्या महाविद्यालयांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली आणि त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणकाच्या व तिच्या भावंड शाखांच्या तुकड्या वाढवल्या. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात, टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या आधीच्या वर्षापेक्षा कमी झाली. जागा मिळणे आणि काम मिळणे यांतले अंतर वाढले आहे, हे लक्षात ठेवूनच कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीचा पर्याय अर्ज, म्हणजे महाविद्यालय व शाखांचा पसंतीक्रम, भरावा.

महाविद्यालय निवडताना प्रवेशद्वारावरच्या फलकाकडे पाहू नये. त्यावर सर्वाधिक पॅकेज मिळवलेल्या एका विद्यार्थ्याचा फोटो असतो आणि त्याच्या मागे बसलेल्या एकशे एकोणीस जणांचे काय झाले, हे तिथे लिहिलेले नसते. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना, त्यांनी सादर केलेली आकडेवारी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात त्या वर्षी किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे दिलेले असते. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा आकडा. तुमच्या मुलाला बहुधा त्याच्याच आसपास पगार मिळणार असतो. त्यानंतर एक दिवस काढून महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये जावे आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे की आलेल्या कंपन्यांपैकी किती कंपन्यांनी ऑफर दिल्यावर खरोखर रुजू करून घेतले. एकाच विद्यार्थ्याच्या दोन ऑफर दोनदा मोजण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, हेही तिथेच कळते.

कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स या नावांवरून फार डोके खपवू नये. पहिले वर्ष बहुतांशी सामाईक असते, दुसऱ्या वर्षाचे मुख्य विषयही बरेचसे तेच असतात आणि कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या या शाखांना एकाच रांगेत उभे करतात. साध्या महाविद्यालयातल्या कॉम्प्युटरपेक्षा चांगल्या महाविद्यालयातले आयटी मी केव्हाही घेईन.

फीबाबत दोन गोष्टी वेळेवर माहीत असाव्यात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क माफ असलेल्या टीएफडब्ल्यूएसच्या ५ टक्के अतिरिक्त जागांसाठी पर्याय भरता येतो. तसेच, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र जूनच्या आधी काढून ठेवावा, कारण तहसील कचेरीतली रांग तुमच्या कॅप फेरीचे वेळापत्रक पाहून पुढे सरकत नाही.

आता अभ्यासाकडे वळू. आपल्याकडे पदवीची चार वर्षे सबमिशनच्या तालावर चालतात. सीनियरचे जर्नल मिळवायचे, त्यातला प्रोग्राम उतरवायचा, आउटपुट पेन्सिलीने लिहायचे, सही घ्यायची आणि ओरलच्या आदल्या रात्री ठरलेले वीस प्रश्न पाठ करायचे. या पद्धतीने टर्मवर्कचे गुण मिळतात आणि शिकायचे राहून जाते. त्यावर उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलचा प्रोग्राम स्वतः टाइप करावा, तो चालला की मुद्दाम बिघडवावा, एक ओळ काढून टाकावी, रिकामी यादी द्यावी, ऋण संख्या द्यावी आणि तो कुठे कोसळतो ते पाहावे. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे चार विषय अशा रीतीने झाले, तर पुढे कोणतीही भाषा किंवा फ्रेमवर्क दोन-तीन महिन्यांत उचलता येते. एआयच्या साधनांनी कोड लिहून घ्यायला हरकत नाही. मात्र पहिली दोन वर्षे तरी आधी स्वतः लिहावा आणि मग त्यांना दाखवावा, कारण मुलाखतीच्या खोलीत कोऱ्या कागदासमोर तुम्ही एकटेच असता.

याचा अर्थ गुणांकडे दुर्लक्ष करावे, असा नाही. मोठ्या भरती करणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांची अट घालतात आणि एकही विषय राहिलेला चालवून घेत नाहीत. ही चाळणी संगणकच लावतो. त्यामुळे गणिताचा एखादा पेपर राहिला असेल, तर नवा ऑनलाइन कोर्स सुरू करण्याआधी तो सोडवावा.

प्रोजेक्टचा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो, कारण पुण्यात नवपदवीधरांच्या मुलाखती घेताना माझा निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. एका मुलाने बायोडेटामध्ये "हजेरी व्यवस्थापन प्रणाली" लिहिली होती. हा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मी एवढेच विचारले, "विद्यार्थ्याने वर्षाच्या मध्येच तुकडी बदलली, तर त्याची जुनी हजेरी कुठे राहते?" तो गप्प झाला. त्याच दिवशी आलेल्या एका मुलीने मामाच्या कृषी सेवा केंद्रासाठी साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम केला होता. दिसायला तो अगदीच ओबडधोबड होता. पण कीटकनाशकाच्या एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या लॉटमधून येतात आणि प्रत्येक लॉटची मुदत निराळी असते, म्हणून तिने डेटाबेसमध्ये आधी केलेले एक टेबल (नोंदींचा तक्ता) मोडून दोन टेबले केली होती. शिवाय मामा दुकान बंद करताना इंटरनेट नसले तरी बिल निघावे, यासाठी काय केले आणि ते कुठे फसले, हेही तिने न विचारता सांगितले. तिला घेतले. चार जणांच्या गटात प्रोजेक्ट केला असेल, तर त्यातला आपला भाग कोणता, हे स्पष्ट सांगता यायला हवे आणि त्या भागातल्या प्रत्येक ओळीचे उत्तर देता यायला हवे.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातून आलेल्यांना फार छळते. आपला प्रोग्राम रोज दहा मिनिटे मोठ्याने इंग्रजीतून समजावून सांगावा. समोर कोणी नसेल, तर भिंतीला सांगावा. उच्चारांमुळे मी आजवर कुणालाही नाकारलेले नाही, अर्धवट सोडलेल्या वाक्यांमुळे मात्र नाकारले आहे.

कॅम्पसची गडबड साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा चौथ्याच्या सुरुवातीला होते. अॅप्टिट्यूड, कोडिंग, तांत्रिक मुलाखत आणि एचआर असा क्रम असतो आणि सर्वाधिक विद्यार्थी पहिल्याच पायरीवर गळतात, कारण नफा-तोटा, काळ-काम-वेग ही आठवी-नववीची गणिते घड्याळ लावून सोडवण्याची सवय मोडलेली असते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून रोज अर्धा तास दिला, तर ती परत येते.

ऑफर हाती आली की पेढे जरूर वाटावेत, पण त्याआधी आकडेमोड करावी. समजा, पॅकेज ३,३६,००० रुपयांचे आहे. महिन्याचे २८,००० होतात. मूळ वेतन १४,००० धरले, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,६८०, तुमच्या वाट्याचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटीचे सुमारे ६७० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा जाता हाती २३,७७० च्या आसपास उरतात. त्यात विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वगळला, तर आकडा आणखी खाली येतो. यातून पुण्यात कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि हिंजवडीपर्यंतचे येणेजाणे भागवायचे असते. बाँड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा आहे, प्रशिक्षणात नापास झाल्यास काय होते आणि मूळ गुणपत्रिका मागतात का, हे सही करण्याआधी विचारावे. मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, ताब्यात देऊ नयेत.

ऑफर म्हणजे नोकरी नव्हे, हे मी २००९ साली शिकलो. पत्र हातात होते, रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि अकरा महिने "पुढच्या तिमाहीत" या शब्दांवर गेले. तेव्हा मी दुसरीकडे अर्ज करणे थांबवले होते आणि ती चूक कंपनीची नव्हती, माझी होती. रुजू होऊन पहिला पगार खात्यात पडेपर्यंत शोध चालू ठेवावा.

कॅम्पसमधून काम मिळाले नाही, तर सहा महिन्यांचा नीट बेत आखता येतो. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक (प्रगत संगणनातील पदव्युत्तर पदविका) हा सुमारे ९०० तासांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम वर्षातून दोनदा सुरू होतो. त्याला सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा असते आणि शेवटी सामाईक प्लेसमेंट असते. ज्यांची चार वर्षे सबमिशनमध्ये गेली, त्यांना हे सहा महिने जड जातात, पण उपयोगी पडतात. टेस्टिंग किंवा सपोर्टचे काम मिळाले, तर कमीपणा मानू नये. फक्त वर्षभरात तिथे काही स्वयंचलित करून दाखवावे, नाहीतर तिथेच अडकण्याचा धोका असतो.

एक वाट मात्र अजिबात धरू नये. पुण्यात तुम्हाला कोणीतरी नक्की भेटेल, जो दीड-दोन लाखांत अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि मुलाखतीची तयारी असा सगळा संच देऊ करेल. पीएफचा यूएएन क्रमांक एकच असतो आणि त्यावरून कुठे, कोणत्या महिन्यापासून काम केले, ही नोंद पडताळणीत तपासली जाते. रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात घरी पाठवलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्या वडिलांनी काढलेले कर्जही पाहिले आहे. त्याचप्रमाणे रुजू होण्यासाठी लॅपटॉपची अनामत किंवा नोंदणी शुल्क मागणाऱ्या पत्राला उत्तरच देऊ नये.

मुलाखत झाली की बसमध्ये बसताच विचारलेले प्रश्न वहीत लिहून काढावेत आणि त्याच रात्री उत्तरे शोधावीत. माझ्या तेव्हाच्या वहीत तेरा मुलाखती आहेत. त्यांपैकी सात ठिकाणी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती दोनदा साठू नये म्हणून डेटाबेसची टेबले विभागण्याची रीत, विचारले होते आणि पहिल्या तीन वेळा मी ते चुकलो होतो.