ताडोबाची दोन दिवसांची सहल : या चुका टाळा

ताडोबाला जायचं ठरलं की बहुतेक कुटुंबं आधी रिसॉर्ट बघतात, मग रेल्वे किंवा विमानाचं तिकीट काढतात आणि सफारीचं बुकिंग सगळ्यात शेवटी करतात. सहल बिघडते ती इथेच. आधी गेट आणि सफारीची वेळ पक्की करा, मुक्काम आणि प्रवास त्याभोवती बसवा.

मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याची गेटं. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरजवळ. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. नकाशावर ही दोन्ही एकाच जंगलाला लागून दिसतात, म्हणून लोक मोहर्लीला खोली घेतात आणि कोलाऱ्याची सफारी काढतात. पण तुमची गाडी जंगल ओलांडून पलीकडे जाऊ शकत नाही. बाहेरून लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि पहाटे सहाच्या सफारीसाठी तो घेणं म्हणजे रात्रभर जागरण. ज्या गेटची सफारी, त्याच गेटजवळ मुक्काम.

वाटेत काय बघायचं, हेही गेटवरच ठरतं. नागपूरहून मोहर्लीला जाताना वरोरा आणि भद्रावती लागतात. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. भद्रावतीला विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आणि जैन मंदिर. कोलाऱ्याचा रस्ता मात्र उमरेड, भिसी, चिमूर असा जातो. तिकडून गेलात तर १९४२च्या क्रांतीचं चिमूर आणि रामदेगीचं देवस्थान पदरात पडतात. दोन्ही याद्या एकाच सहलीत कोंबू नका. जाताना एक ठिकाण, येताना एक, एवढं पुरे. दुपारच्या सफारीच्या दिवशी तर वाटेत फक्त जेवणापुरतं थांबा. सकाळी उशिरा नागपूरला उतरून अडीचच्या सुमाराची सफारी गाठू म्हणणारे अनेकदा गेट बंद झाल्यावर पोहोचतात, आणि चुकलेल्या सफारीचे पैसे परत मिळत नाहीत.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. कोअर मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पर्यटनासाठी बंदच राहतो. बफरचे, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्याचे, दिवस आणि नियम वेगळे, ते बुकिंग करतानाच पाहून घ्या. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरा आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. घरातली हाक मारायची नावं भरली की गेटवर अडतं. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात, त्यामुळे सातवा माणूस ऐन वेळी सामावून घेता येत नाही. कोअरचं बुकिंग मिळालं नाही म्हणून सहल रद्द करायची गरज नाही. मोहर्लीच्या बाजूला आगरझरी, देवाडा, जुनोना आणि कोलाऱ्याच्या बाजूला अलिझंजा, मदनापूर ही बफरची गेटं आहेत. वाघाला कोअर-बफरची रेषा ठाऊक नसते. बफरमध्येही तो चांगला दिसतो.

आता सगळ्यात मोठी चूक. गाडी गेटातून आत शिरली की पहिला प्रश्न येतो, “वाघ कुठे आहे?” मग चालकामागे घाई लागते: इकडे चला, तिकडे धूळ दिसतेय, त्या गाडीमागे घ्या. या धावपळीत जंगल हातचं जातं. चितळ आणि वानरांचे इशाऱ्याचे आवाज गाडी बंद करून थांबलं तरच ऐकू येतात, आणि वाघाचा माग बहुतेक वेळा त्यांच्यावरूनच लागतो. गाईड “थांबू या” म्हणाला की थांबा. तो आसपासच्या गावातलाच असतो, त्याचे कान इथेच तयार झालेले असतात. तुमच्या आग्रहाखातर गाडी पळवली किंवा रस्ता सोडून आत घातली, तर निलंबनाची कारवाई त्याच्यावर आणि चालकावर होते, आणि त्यांचं घर याच कामावर चालतं. म्हणून हा आग्रह धरूच नये.

थांबण्यासारखी ठिकाणं आतही आहेत. ताडोबा तलावात मगरी ऊन खात पडलेल्या असतात, काठच्या झाडावर मत्स्यगरुड बसलेला असतो. तारू देवाचं ठाणंही इथेच आहे. गोंड समाजाची त्याच्यावर श्रद्धा आहे आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव पडल्याचं सांगतात. मोहर्लीकडून आत येताना रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब दिसतात, त्यांच्याबद्दल गाईडला विचारा. जामनी आणि नवेगावची गवताळ कुरणं ही पुनर्वसन झालेल्या गावांची जुनी शेतं. तिथे आज चितळांचे कळप चरतात, रानगवे येतात, नशीब असेल तर रानकुत्र्यांची टोळीही दिसते. गाडीतून उतरायचं मात्र फक्त ठरवून दिलेल्या जागी.

मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा फोटो हवे असतील तर कॅमेरा घ्या. कॅमेरा नसेल तर दुर्बीण घ्या. माझ्या मते तीच जास्त कामाची.

हंगामाबद्दल एकच सांगते. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं आणि जिप्सी उघडी असते. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तेव्हा पहाटे कडाक्याची थंडी वाजते. कानटोपी, मफलर आणि एक जाड चादर गाडीत असू द्या. गवत उंच असल्याने प्राणी शोधावे लागतात, पण जंगल हिरवं असतं. भडक रंगाचे कपडे आणि अत्तर दोन्ही हंगामांत नको.

परतीच्या दिवशी सकाळची सफारी असेल तर दुपारी एक-दोनचं विमान घेऊ नका. सफारी दहाच्या सुमाराला संपते, मग नाश्ता, सामान आवरणं आणि पुढे नागपूरपर्यंत तीन तासांचा रस्ता. संध्याकाळची गाडी किंवा विमान घेतलंत तर मोहर्लीहून परतताना भद्रावतीची लेणी घाई न करता बघून होतात.