बोगनवेलीची पानं पिवळी पडून गळतात, फुलं येत नाहीत: माझा अनुभव

सांगलीत घरापुढे काळ्या मातीत लावलेली 3 वर्षांची बोगनवेल. पानं पिवळी पडून गळायची, शेंडे माना टाकायचे, फूल एक नाही. तहानली असेल म्हणून रोज बादलीभर पाणी घातलं. युरिया टाकला, तर नुसता पाला फुटला आणि तोही गळला. फवारणी झाली. वर्षभर नुसता वैताग.

शेवटी बुंध्यापासून हातभर लांब खुरप्याने उकरलं. वरची माती भेगाळलेली, पण वीतभर खाली चिखल, आंबूस वास, आणि हाताला लागलेलं मूळ काळं, लिबलिबीत. काळी माती वरून सुकते, आत पाणी धरून ठेवते. वेलीची मुळं गुदमरत होती.

आधी पाणी पूर्ण बंद, 15 दिवस. (आई तांदळाचं धुवण गुपचूप ओतायची, तेही थांबवलं.) बुंध्याजवळचं जुनं आळं मोडून तिथे मातीचा उंचवटा केला. मग दीड फुटावर गोल चर खणला, फूटभर खोल, आणि मुरमाने भरला. उताराच्या बाजूला त्याला वाट काढून दिली. वेल उपटली नाही. बोगनवेलीला मुळं दुखावलेली खपत नाहीत. नवे कोंब दिसल्यावर वाळक्या फांद्या छाटल्या, कारण फुलं नव्या फुटीवरच येतात.

आता चार बोटं खोल माती कोरडी लागली तरच चराच्या आतल्या कडेने दोन बादल्या, सावकाश. उन्हाळ्यात साधारण आठवड्याने, पावसाळ्यात अजिबात नाही. युरिया बंदच.

दोन महिन्यांनी फाटकावर राणी रंगाचा झुबका आला.